उघडता येणारी वस्तू

पवनेच्या खोऱ्यात रेडिओ ऐकायचा तर तो मीडियम वेव्हवर ऐकावा. एका अंगाला लोहगड-विसापूरची रांग, दुसरीकडे तिकोना, धरणाच्या पाण्यापलीकडे तुंग. एफएमची लहर जेमतेम ३ मीटर लांबीची. ती नाकासमोर चालते आणि डोंगर आडवा आला की त्याच्या मागे आवाजाची सावली पडते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे लांबीला जवळजवळ ३७९ मीटर. एवढी मोठी लहर जमिनीला धरून चालते, टेकाडांवर चढते आणि पलीकडच्या गावात उतरते. पवनानगरात, ज्याला जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात, घराच्या एका कोपऱ्यात एफएम खरखरतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात गप्प होतो. मीडियम वेव्ह मात्र घरभर असते. तिला पकडायला चांगला रेडिओ हवा, आणि मीडियम वेव्ह मन लावून ऐकणारा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ.

आमच्या आत्याकडे तसा एक होता. मर्फीचा, लाकडी खोक्याचा, पाच व्हॉल्व्हचा, शिवाय स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा असलेला. नागपूरचं मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरलं तेव्हा तिनं फोन केला. म्हणाली, "इथं तो अडगळ होईल गं. तुझ्याकडे ऐकला जाईल." मालवाहतुकीनं तो निघाला आणि घरी आला तेव्हा खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता. उचलल्याबरोबर आतून काचेचा आवाज आला.

अशा रेडिओचं सगळं वजन एका जागी असतं. पातळ लोखंडी पट्ट्यांची चवड आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार म्हणजे मेन्सचा ट्रान्सफॉर्मर. तो चॅसीच्या, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, एका टोकाला बसवलेला असतो. खोकं आपटतं तेव्हा लाकूड थांबतं, ट्रान्सफॉर्मर थांबत नाही. आमच्या रेडिओत त्यानं चॅसीचे दोन बोल्ट लाकडातून ओढून काढले होते, चॅसी तिरकी होऊन पुढे आली होती आणि शेजारचा एक व्हॉल्व्ह त्यात दबला होता. स्पीकरचा कागदी पडदा कडेला फाटला होता. डायलच्या काचेला वरून खाली तडा गेला होता. सुई ओढणारी दोरी चाकावरून निसटून लोंबत होती. खोक्याच्या डाव्या बाजूचा सांधा बोट शिरेल इतका उघडला होता.

बघायला आलेल्यांपैकी बहुतेकांचा सल्ला एकच होता. काचेच्या कपाटात ठेवा, शोभा येईल. फार तर आत ब्लूटूथचा स्पीकर बसवून घ्या. हा सल्ला मला त्या वेळीही पटला नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. रेडिओचं खोकं म्हणजे रेडिओ नव्हे. त्याच्या पोटातली ती साखळी, आकाशातून आलेली एक क्षीण थरथर पायरीपायरीनं वाढवत आपल्या कानापर्यंत आणणारी, ती खरी वस्तू. ती काढून फेकून तिच्या कातडीत दुसरं काही भरणं मला अपमानाचं वाटतं. आत्यानं तो ऐकण्यासाठी पाठवला होता.

दुरुस्ती दोन गावांत झाली. खोकं इथंच राहिलं आणि चॅसी, स्पीकर आणि मागच्या हार्डबोर्डासह, पुण्याला गेली.

खोकं गावातल्या सुतारदादांकडे दिलं. त्यांनी उघडलेल्या सांध्यात नख घालून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, हा सरस आहे. फेव्हिकॉल असता तर लाकूड फाटलं असतं, सांधा उघडला नसता." सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून केलेला जुना डिंक. तो ऊब आणि ओल लागली की सैल होतो. मावळात, जिथं लोणावळ्याच्या बाजूला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथं हा त्याचा दोष मानला जाईल. सुतारदादांच्या लेखी तोच गुण होता. त्यांनी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून उरलेला सरस मऊ केला, सांधा पूर्ण सोडवला, जुना थर खरवडला आणि नव्यानं पाण्यावर गरम केलेला सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवला. वरच्या पातळ विनियरचा उडालेला टवका त्यांनी जुन्या कपाटाच्या फळीतून मिळताजुळता कापून बसवला. रंगाचा फरक जवळून पाहिला तर दिसतो. तो लपवायला मी सांगितलं नाही आणि त्यांनीही तसं सुचवलं नाही. लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्यानं थरावर थर देत गेले, एवढंच.

चॅसी मात्र हाताळायला जाणता माणूस हवा होता. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, जिथं आज एलईडीच्या माळा आणि मोबाईलचे चार्जर ढिगांनी विकले जातात, तिथं एका जुन्या वाड्याच्या जिन्यावर एक वयस्क काका अजून व्हॉल्व्हचे संच दुरुस्त करतात. व्हॉल्व्ह उपसून प्रत्येक वेगळा गुंडाळला, चॅसी जुन्या सुती साडीत बांधली आणि एसटीनं कामशेत, तिथून लोकलनं पुणे अशी मांडीवरून नेली.

काकांनी आधी प्लगकडे बघितलंसुद्धा नाही. प्रवासात मार लागलेला संच कधी थेट विजेला जोडायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. एखादी तार सुटून चॅसीला टेकलेली असेल तर त्या एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळलेला ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळणं हे या कामातलं सगळ्यात महागडं आणि किचकट दुखणं. त्यांनी चॅसी उलटी ठेवली, दिवा जवळ ओढला आणि आधी वास घेतला. मग बोटांनी एकेक सांधा हलवून पाहिला. मग मीटर.

उलट्या केलेल्या चॅसीकडे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. नीट मांडलेल्या स्वयंपाकाच्या ओट्यासारखी ती होती. काय कुठे आहे आणि कोणत्या कामाचं आहे ते बघणाऱ्याला कळावं अशी. काका बोट ठेवत सांगत गेले. या व्हॉल्व्हमध्ये बाहेरून आलेली लहर आणि संचात तयार केलेली लहर मिसळतात आणि कुठलंही स्टेशन लावलं तरी त्यातून एकच ठरावीक, ४५५ किलोहर्ट्झची लहर निघते. ही पुढच्या व्हॉल्व्हमध्ये वाढते. तिसऱ्यात तिच्यावर स्वार होऊन आलेला आवाज उतरवून घेतला जातो. चौथा त्या आवाजात स्पीकर हलवण्याइतकं बळ भरतो. पाचवा या सगळ्यांना लागणारा, जवळपास २५० व्होल्टचा, एका दिशेनं वाहणारा प्रवाह पुरवतो. १९५० च्या दशकातल्या असंख्य रेडिओंची घडण हीच. ती ज्याला कळली त्याला लंडनचा संच काय आणि ठाण्यात बनलेला मर्फी काय, दोन्ही वाचता येतात.

दबलेला व्हॉल्व्ह चौथा होता, ईएल८४. काच दिसायला अखंड होती. काकांनी तो उजेडात धरला आणि टोकाकडे बोट दाखवलं. चांगल्या व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा लेप. आत चुकून राहिलेली किंवा मागाहून सुटलेली हवा गिळून टाकणं हे त्याचं काम. बाहेरची हवा शिरली की तो चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो. आमच्या ईएल८४ चा डाग पांढराफेक झाला होता. तळाशी, पिनेजवळ, डोळ्याला न दिसणारी एक चीर गेली असणार. व्हॉल्व्हचा सगळा जीव त्याच्या आतल्या रिकाम्या जागेत असतो, आणि ती रिकामी जागा भरली की तो संपतो.

ईएल८४ मिळतो. तो आजही बनतो, कारण जगभरचे काही गिटारवादक आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्याशिवाय दुसरं काही वापरायला तयार नसतात. परदेशातल्या कुठल्यातरी बँडच्या हट्टामुळे पवनानगरातल्या रेडिओला आवाज मिळावा, हे मला फार लोभस वाटतं. काकांनी मात्र नवा मागवला नाही. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, कधीच न वापरलेला एक ईएल८४ होता. या सरकारी कारखान्यानं १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले. तोवर ते बाहेरून येत. काकांनी तो कागदातून काढला, पिना साफ केल्या आणि मला हातात धरायला दिला.

व्हॉल्व्ह बदलला तरी काम संपत नव्हतं. मार लागला म्हणून संच उघडला गेला, आणि उघडल्यावर वयाची दुखणीही समोर आली. मेणकागदाचे जुने कंडेन्सर वर्षानुवर्षं दमट हवा पितात आणि गळू लागतात. त्यातला एक फार घातक. तिसऱ्या व्हॉल्व्हकडून चौथ्याकडे आवाज जाऊ द्यायचा पण उच्च दाब अडवायचा, ही त्याची नेमणूक. तो गळू लागला की ईएल८४ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, त्याच्या आतली पट्टी लालबुंद होते आणि जाता जाता तो ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. काका म्हणाले, "ताई, पडला नसता आणि तसाच लावला असता, तर महिनाभरात जळला असता."

याच कामात काकांना आणखी एक गोष्ट दिसली. काही कंडेन्सर मूळचे नव्हते. कुणीतरी आधी बदलले होते, आणि फार नेटकेपणानं: तारा काटकोनात वळवलेल्या, सोल्डर चकचकीत आणि बेताचं. मागच्या हार्डबोर्डच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं १९७१ साल आणि दोन भागांचे आकडे लिहिलेले होते. काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "चांगला हात होता." नागपुरात कधीतरी, कुठल्यातरी दुकानात काम केलेल्या, कधीही न भेटलेल्या माणसाला दिलेली ती दाद होती.

त्याच हार्डबोर्डच्या आत एका पाकिटात आत्यानं रेडिओचं लायसन्स जपून ठेवलं होतं. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण १९८० च्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि पोस्टात दर वर्षी पैसे भरून त्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यावं लागे. त्या पुस्तकाकडे बघताना एक जाणवतं: रेडिओ घरात असला तरी तो घरापुरता नव्हता. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीडच वर्षानं, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, त्याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचं पहिलं गीत लागलं, आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गीत येत एकूण ५६ गीतं झाली. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओटीवर त्या वेळी आळी जमायची, आणि रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती असं जुनी माणसं सांगतात.

गीतरामायण सर्वांना आठवतं. त्याच पुणे केंद्रावरून १९५६ मध्ये झालेलं आणखी एक काम मात्र विसरलं गेलं आहे, आणि ते आपल्या गावांचं आहे. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं त्या वर्षी मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली, प्रत्येक गावात श्रोत्यांचं एक मंडळ केलं आणि आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेतीचे आणि गावच्या कामांचे कार्यक्रम लावले. माणसं एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. प्रयोग इतका जमला की पुढे तो देशभर नेला गेला. मी त्या १५० गावांचा विचार करते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कार्यक्रम येत नाहीत, संच येतात. बैलगाडीतून, एसटीच्या टपावरून हादरत गेलेले संच. त्यांच्याही दोऱ्या निसटल्या असतील, त्यांचेही व्हॉल्व्ह सैल झाले असतील. ते कुणीतरी पुन्हा बसवले, म्हणून गावांनी ऐकलं. प्रसारणाच्या इतिहासात निवेदकांची नावं असतात, गायकांची असतात, आणि असायलाच हवीत. पण शेवटचा सांधा जोडणाऱ्या, बोटांवर सोल्डरचे चटके असलेल्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेली, तालुक्याच्या गावी पत्र्याच्या टपरीत बसलेली माणसं ही त्या सगळ्या आवाजाची अखेरची कडी होती.

कंडेन्सर बदलून, किमती चढलेले रेझिस्टर काढून, फाटलेल्या स्पीकरच्या पडद्याला पातळ कागद आणि पातळ केलेला गोंद लावून झाल्यावर काकांनी सिरीज बोर्ड काढला. लाकडी फळीवर एक १०० वॉटचा पिवळा बल्ब आणि एक सॉकेट. वीज आधी बल्बमधून आणि मग संचात जाते. संचात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा मार स्वतःवर घेतो. संच ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होत जातो. काकांनी बटण दाबलं. बल्ब उजळला, आणि मंद झाला. व्हॉल्व्हच्या तळाशी केशरी ठिपके दिसू लागले. काही सेकंद काहीच नाही, कारण व्हॉल्व्ह तापल्याशिवाय बोलत नाही. मग खोल घरघर, मग खरखर, आणि काकांनी गँगचं, म्हणजे स्टेशन लावणाऱ्या कंडेन्सरचं, चाक फिरवल्यावर खरखरीच्या आतून एक माणसाचा आवाज वर आला. कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. मला त्याच्याइतका सुंदर आवाज त्या क्षणी दुसरा सुचला नसता.

डायलची तडकलेली काच बदलायची नाही असं आम्ही ठरवलं. ती मागून चिकटवली. शॉर्ट वेव्हचे १३, १६, १९, २५, ३१ मीटरचे छापील आकडे तड्याच्या दोन्ही बाजूंना वाचता येतात. दुसऱ्या संचाची काच शोधून बसवता आली असती, पण मग सुई खोटं बोलली असती. प्रत्येक डायल त्याच्या त्याच्या गँगला जुळवून छापलेला असतो. निघताना काकांनी मागची एक छोटी चकती फिरवून २४५ व्होल्टवर ठेवली. "तिकडं रात्री व्होल्टेज चढतं. याला कमी दाबावर राहू द्या, जास्त जगेल."

पवनानगरात चॅसी पुन्हा खोक्यात बसली, नवे बोल्ट, नव्या रबरी चकत्या. पहिल्या संध्याकाळी मात्र सगळ्या डायलभर एकच भसाडा आवाज. बिघाड रेडिओत नव्हता. घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळे मीडियम वेव्हवर आपला कचरा टाकत होते. रेडिओ ज्या काळात बनला त्या काळात हवा एवढी गढूळ नव्हती. घरापासून लांब, आंब्याच्या झाडापर्यंत तांब्याची एरियल ओढली, जमिनीत सळई ठोकून अर्थिंग दिलं, चार्जर काढले. मग ७९२ वर पुणे स्वच्छ लागलं, हिरवा डोळा मिटत आला. रात्री, आकाशातला दिवसभर लहरी शोषणारा थर विरला की लांबची केंद्रंही एकामागून एक वर येतात. आत्याला फोन करून ऐकवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आवाज थोडा जाड येतोय. टोनचं बटण डावीकडे घे." तिचा कान बरोबर होता.

या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. हा रेडिओ वाचला, कारण तो वाचवता यावा अशा रीतीनं घडवलेला होता. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेले होते, कारण ते एक दिवस बदलावे लागणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. मागचा बोर्ड स्क्रूनं लावलेला होता. सांधे सरसानं जोडलेले होते. दाब बदलायची चकती होती, कारण संच कुठल्या गावात जाईल ते कारखान्याला माहीत नव्हतं. म्हणजे ज्यांनी तो बनवला त्यांनी पुढे कधीतरी त्याच्यावर वाकणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास टाकला होता: तो हुशार असेल, त्याला कळेल, त्याला जागा करून ठेवू या. नागपूरच्या कारागिरानं त्या विश्वासाला जागून पेन्सिलीनं नोंद केली. काकांनी त्याच नोंदीखाली आपली नोंद केली: कोणता व्हॉल्व्ह, कोणते कंडेन्सर, चकती कुठे, साल कोणतं. माझ्यानंतर ज्याच्या हाती तो पडेल त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आज माझ्या घरात अशा किती वस्तू आहेत ज्यांनी मला किंवा दुसऱ्या कुणाला आत यायला दार ठेवलं आहे? डिंकानं सीलबंद केलेला फोन, स्क्रूच नसलेला दिवा, पडला की पूर्णच फेकावा लागणारा स्पीकर. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, हे चांगलं झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरायला काकांसारखी माणसं उरायला हवीत, आणि ती उरायची तर त्यांच्याकडे काम जायला हवं. पवनानगरात बारावी झालेली, हातात कसब असलेली आणि काय करावं ते न सुचणारी मुलं आहेत. त्यातली दोघं रेडिओ बघायला आली, मागचा बोर्ड काढून दाखवला तेव्हा तासभर हलली नाहीत. काकांनी त्यांना रविवारी यायला सांगितलं आहे. "फी नको, डोळे आणि सबुरी घेऊन या," असं म्हणाले.

मी स्वतःपुरता एक रिवाज ठेवला आहे. कामशेतच्या बाजारात काही घ्यायला गेले की वस्तू उलटी करून पाहते आणि दुकानदाराला विचारते, हे उघडतं का? पहिल्यांदा तो हसला होता. परवा त्यानं माझ्या विचारण्याआधीच एक मिक्सर उलटा करून समोर ठेवला आणि चारही स्क्रू बोटानं दाखवले.